फ्रीझ आणि एमएमॅप: नुसता चेक का पुरत नाही

फ्रीझवरच्या माझ्या लेखावर तुम्ही केलेली कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की फाइलसिस्टम फ्रीझ करताना, म्हणजे तिच्यावरचे राइट्स तात्पुरते गोठवताना, पेज फॉल्टसाठी (मेमरीतल्या पेजवर थेट लिहिता येत नाही तेव्हा कर्नलकडे जाणारी अडचण) वेगळी लेव्हल, म्हणजे अडवायचा वेगळा टप्पा, कशाला, फॉल्टमध्ये 'फ्रोझन आहे का' एवढा चेक टाकला की झालं, मी उगाच गुंता वाढवला. मला नाही पटत, कारण लिनक्समध्ये ३.६ च्या आधी, म्हणजे २०१२ पर्यंत, साधारण तुम्ही म्हणताय तसंच होतं आणि त्यातूनच डेडलॉक (एकमेकांची वाट बघत कायमचं अडकणं) व्हायचे.

बघा, एमएमॅप केलेल्या (म्हणजे फाइल थेट प्रोग्रॅमच्या मेमरीत जोडलेल्या) पेजवर कोणीतरी लिहायला गेलं, फॉल्ट आला, कर्नलने चेक केलं, फ्रीझ नाहीये, जा पुढे. नेमकं तेवढ्यात दुसऱ्या सीपीयूवर फ्रीझ सुरू झालं, सिंक झालं, डर्टी पेजेस (मेमरीत बदललेली, पण डिस्कवर अजून न लिहिलेली) डिस्कवर गेली, फ्रीझ पूर्ण, आणि आता पहिला थ्रेड येऊन पेज डर्टी करतो. गोठलेल्या फाइलसिस्टमवर डर्टी पेज! मग फ्लशर थ्रेड (डर्टी पेजेस डिस्कवर लिहिणारा कर्नलचा थ्रेड) ते लिहायला जातो, सुपरब्लॉकचं (कर्नलमधल्या फाइलसिस्टमच्या मुख्य नोंदीचं) एस_यूमाउंट लॉक रीडसाठी धरून फ्रीझपाशी अडकतो, आणि थॉ करायला (फ्रीझ उठवायला) तेच लॉक राइटसाठी लागतं. म्हणजे थॉ होणारच नाही. दोनदा चेक केलं तरी फट लहान होते, बुजत नाही.

कर्नल डेव्हलपर जान काराच्या पॅचेसनी हे उलटं केलं, आधी आत किती जण आहेत ते मोजणाऱ्या काउंटरमध्ये स्वतःची नोंद करायची मगच काम, आणि फ्रीझ करणारा नव्यांना अडवून आतले सगळे बाहेर पडेपर्यंत थांबतो.

मग वेगळी लेव्हल का? तर राइट कॉल आधी फ्रीझचं संरक्षण घेतो आणि नंतर यूजर बफर वाचताना त्याला एमएमॅपचं लॉक (प्रोसेसच्या मेमरीच्या नकाशाचं) लागू शकतं, फॉल्टमध्ये मात्र एमएमॅपचं लॉक आधीच हातात असतं. क्रम उलटा, एकच लेव्हल ठेवली तर दोघं एकमेकांची वाट बघत बसणार. म्हणून आधी राइट्स अडवायचे, ते संपले की फॉल्ट्स.

मला सगळ्यात आवडतो तो भाग पुढचा आहे. फॉल्टचं संरक्षण पेज टेबलमधली (कुठल्या पेजवर लिहिता येतं वगैरे सांगणाऱ्या तक्त्यातली) नोंद रायटेबल व्हायच्या आधीच सुटतं, तरी रेस, म्हणजे वर सांगितली तशी वेळेची फट, होत नाही! कारण संरक्षण हातात असतानाच पेज लॉक करून डर्टी मार्क केलेलं असतं आणि पेजचं लॉक नोंद बदलेपर्यंत सुटत नाही, त्यामुळे फ्रीझचा सिंक त्या पेजला गाठतोच, लॉकसाठी थांबतो, लिहून काढतो आणि परत रीड-ओन्ली करतो. पुढचा राइट पुन्हा फॉल्ट होऊन थॉपर्यंत थांबतो.

तुमचा दुसरा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर. 'फ्रीझ केलं की स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) सुरक्षित' हे मी लेखात चुकीचं लिहिलं, डेटाबेसने पेज अर्धंच बदललं असेल तर ते अर्धंच डिस्कवर जातं, फाइलसिस्टमला त्यातलं काही कळत नाही. तो परिच्छेद आज बदलतो: आधी ॲप्लिकेशनचे राइट्स थांबवा, एमसिंक (एमएमॅपमधले बदल डिस्कवर लिहिणं) होऊ द्या, मग फ्रीझ.