आठ पायांची कोळीण

"ओ माय गॉड, इंडियन प्रिन्सेस!" असं किंचाळून त्या बाईंनी माझ्या मुलीच्या बादलीत चॉकलेट टाकलं. माझे तीन आठवडे त्या चॉकलेटसोबतच बादलीत गेले.

परवाचीच, ३१ ऑक्टोबरची गोष्ट. गाव एडिसन, न्यू जर्सी. आठ वर्षांच्या लेकीला हॅलोविनला कोळ्यांची राणी व्हायचं होतं. दुकानातल्या तयार पोशाखासोबतचा प्लास्टिकचा हार बघून मी म्हणालो, "ह्याच्यापेक्षा बरा मी घरी करीन." बायको लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली, "कर." बारा वर्षांच्या संसारानंतर ह्या 'कर'चा अर्थ कळायला हवा होता.

मण्यांच्या दुनियेत न्याय उलटा असतो. नंबर मोठा तितका मणी बारीक. आठ नंबरचा मणी साधारण तीन मिलिमीटरचा, अकरा नंबरचा दोनचा. मी अकरा नंबर ऐटीत मागवला, आणि घरी मोहरी आली. काळी, चकचकीत, काचेची मोहरी. मणी ओवायच्या सुईला नेढं असतं म्हणतात. मी त्यावर श्रद्धा ठेवून दोरा पुढे करत राहिलो. कोळ्याच्या पायांसाठी लांबट नळीचे मणी घेतले होते. त्यांच्या कडा इतक्या धारदार की दोरा कापून टाकतात. म्हणून दोन्ही टोकांना एकेक गोल मणी घालायचा असतो, हे मला सहावा पाय सोफ्याखाली गेल्यावर कळलं. मग कोणीतरी सांगितलं, साधा दोरा सोड, मासे धरायची विणलेली दोरी घे, मण्यांचं काम करणारे तीच वापरतात. घेतली.

ह्याच दोरीने घात केला.

वरच्या मजल्यावरच्या काकू मिरजेहून सहा महिन्यांच्या मुक्कामाला आल्या आहेत. मुलगा-सून ऑफिसला गेले की त्या दाण्याच्या कुटाची वाटी परत करायला येतात. कूट कधी नेलं होतं ते आम्हा दोघांनाही आठवत नाही. त्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावर ताटलीत मणी पसरून बसलो होतो.

"काळी पोत?" काकू वाकून म्हणाल्या. "मंगळसूत्र गाठवतोयस? तू? आणि बायको कुठंय?"

"ती कॉलवर आहे. मंगळसूत्र नाही हो काकू, हॅलोविनचं आहे. पोरगी कोळीण होणार आहे."

चूक माझीच. पण तोंडातून गेलं ते गेलं.

काकूंचा चेहरा असा उजळला की विचारू नका. खुर्ची ओढून बसल्याच. "अगंबाई! आमचा धाकटा चौथीत गॅदरिंगला कोळी झाला होता. वल्हं कुठलं मिरजेत? धोपाटणं दिलं हातात. स्टेजवर जाऊन त्याने ते असं काही आपटलं की हेडमास्तरांना वाटलं हा धोबी. तिला काष्टा कोण नेसवणार? मी नेसवते. पण हे गळ्यातलं चालायचं नाही हं. कोळणींचं सोनं कसं ठसठशीत असतं. हे अगदीच फिकुटवाणं."

"काकू, तो कोळी नव्हे. जाळं विणतो ना, तो."

"मग मी काय सांगतेय? जाळं विणतात तेच कोळी."

"अहो, आठ पायांचा!"

काकू थांबल्या. ताटलीतला अर्धवट प्राणी त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिला. "भिंतीवरचा? शी! पोरीच्या गळ्यात?" मग रिळाकडे बोट. "आणि ही दोरी कसली रे?"

"मासे धरायची."

काकूंनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. "तरी म्हणतोस कोळीण नाही."

त्या गेल्यावर मला आईची आठवण आली. माझ्या बोरनहाणासाठी तिने हलवा घरी केला होता. मंद आचेच्या शेगडीवर पाकाचा एकेक थेंब टाकत, काटा यायची वाट बघत. मग त्याचे दागिने: हार, बाजूबंद, मुकुट. काळं झबलं घालून त्यात बसलेला माझा फोटो आहे, चेहरा रडका. काळे कपडे, साखर आणि पोरं हा बेत आपल्याला नवा नाही. फक्त आपण गोड पोराच्या डोक्यावर ओततो, इथे त्याला दारोदार मागायला पाठवतात. आणि बोरनहाणात आईला कोणी विचारलं नाही की हे काय केलंयस. सगळ्यांना दिसत होतं.

इथे दिसलंच नाही. एकतर थंडी. बायकोने हारावरून जाकीट चढवलं, चेन हनुवटीपर्यंत. प्रत्येक दारात मी वाकून चेन खाली ओढायची, दार बंद झालं की वर. कॉम्प्लेक्समधल्या स्पर्धेचं बक्षीस पंख्याने फुगवलेल्या डायनासोरला गेलं. त्याचं मला काही नाही. (आहे.) पण त्या बाई! आमच्या पुढेच एक गोरी मुलगी होती, गळ्यात प्लास्टिकचे काळे मणी. तिला म्हणाल्या, "काय भयानक चेटकीण!" माझी पोरगी पुढे झाली, तर इंडियन प्रिन्सेस. वर "हॅपी दिवाली!" दिवाळी होऊन दहा दिवस झाले होते. कुठल्या राजकन्येच्या गळ्यात एवढा मोठा कोळी असतो? आठ पाय होते हो त्याला, मी मोजून लावले होते. आमच्या पोरीच्या अंगावर मणी दिसला की तो आमची संस्कृतीच असला पाहिजे, साधं भूत व्हायचीसुद्धा मुभा नाही.

हे सगळं मला रात्री अंथरुणात सुचलं. तिथे दारात मी "थँक यू, सेम टू यू" म्हणालो. लेकीने तर प्रिन्सेससारखी गिरकी घेऊन आणखी एक चॉकलेट मिळवलं.

काल काकू आल्या, वाटी घेऊन.

"ते कोळणीचं गळ्यातलं आता लागणार नाही ना रे? तेवढा तो किडा काढून दे. पोत चांगली ओवली आहेस, दोरीही मजबूत आहे. जुन्या वाट्या आहेत माझ्याकडे."

दोन पाय काढून झालेत. तिसऱ्याची गाठ सुटत नाहीये.