तो जोड आधी काढा

आज दुपारी एरंडोलच्या मामेभावाचा फोन आला. भलताच खुशीत. चार दिवस त्याची इलेक्ट्रिक गाडी घरी चार्ज होत नव्हती, प्लग लावला की चार्जरवर लाल दिवा. आज लाइट फिटिंगवाला आला, त्याने सॉकेट उघडलं, न्यूट्रलपासून (वीज परत नेणाऱ्या तारेपासून) अर्थिंगच्या (गळालेली वीज जमिनीत नेणाऱ्या) पिनेपर्यंत वायरचा वीतभर तुकडा जोडला आणि गाडी चार्जिंगला लागली. "पाच मिनिटांत काम झालं दादा!"

मी त्याच्यावर ओरडलो. त्याच्या घरी पाहुणे होते, तेव्हा ओरडायला नको होतं. पण तो जोड जीव घेऊ शकतो. अजून हात थरथरतोय, म्हणून लिहितोय. ज्यांच्या दारात ही गाडी आहे त्यांनी वाचा. ज्यांच्या दारात नाही पण घरात पत्र्याचा कूलर आहे, त्यांनी तर नक्कीच वाचा.

माझ्याकडे हेच झालं होतं. अखाजीचा (अक्षय्य तृतीयेचा) आदला दिवस, बहिणीला आणायला नंदुरबारला निघायचं आणि पारोळ्यात आमच्या दारात गाडी लाल दिवा दाखवत उभी. जे सुचलं ते केलं. दुसरं सॉकेट बघितलं. गाडीत चार्जिंगची वेळ लावून ठेवलेली असली तरी ती थांबते, तेही तपासलं. बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरली की मोठीही चार्ज होत नाही, तीही बघितली. सगळं ठीक. हायवेवरच्या फास्ट चार्जरला नेली तर तिथे मुकाट्याने चार्ज झाली. खरं तर तिथेच घरच्या विजेवर शंका यायला हवी होती. सर्व्हिस सेंटरने फोनवरच निकाल दिला, चार्जर गेला, नवीन घ्या. घरी येऊन बघायला कोणी तयार नाही. आणि गल्लीतला फिटिंगवाला म्हणाला, जोड मारून देतो.

बहीण एसटीने आली. त्या दिवशी मी गाडीला, कंपनीला, सगळ्यांना शिव्या घातल्या.

शेवटी आमच्या गल्लीतले रिटायर्ड वायरमन आप्पा आले. मी मीटर पुढे केला, त्यावर फेज (वीज आणणारी तार) आणि अर्थिंगमध्ये 210 व्होल्ट दिसत होते. आप्पा म्हणाले, मीटरचं ऐकू नको, तो व्होल्ट दाखवतो, पण अर्थिंग करंट ओढते का ते नाही. त्यांनी पिशवीतून शंभर वॉटचा पिवळा बल्ब काढला. फेज-न्यूट्रलवर लख्ख पेटला. फेज-अर्थिंगवर लावला तर आतली तार नुसती लालसर झाली, विझत आलेल्या काडीसारखी. (हा प्रयोग घरी करू नका. त्यांची हयात खांबावर गेली आहे.)

"तुन्ही गाडीले काही व्हयेल नही भाऊ. तुन्हा घरले व्हयेल शे."

अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, असं त्यांनी विचारलं आणि मी गप्प झालो. गाडी लावायला अंगणात पेव्हर ब्लॉक टाकले, ते त्या खड्ड्यावरूनच टाकले होते. वडील होते तोवर चैत्र लागला की रोज संध्याकाळी त्यात बादलीभर पाणी ओतायचे. आम्हाला ती म्हाताऱ्या माणसाची सवय वाटायची. ब्लॉक उचलले तर काळी माती भेगाळून पाइपापासून बोटभर दूर सरकलेली, आणि वरची पट्टी ओढल्याबरोबर क्लॅम्पमधून सुटून हातात आली. सगळा गंज. आमच्याकडे पारा 45 च्या घरात जातो, त्या मातीत ओल कुठून राहणार? आणि कोरडी माती करंट नीट ओढत नाही.

चार बादल्या पाणी ओतलं, नवा क्लॅम्प आवळला. संध्याकाळी हिरवा दिवा.

पेट्रोलच्या गाडीला ही कटकट नसते, मान्य. पण ही गाडी चार रबरी टायरांवर उभी असते. आत कुठे करंट उतरला आणि अर्थिंग नसेल, तर तो पत्र्यावरच थांबतो, आणि अनवाणी माणसाने दाराला हात लावला की त्याच्यातून जमिनीत जातो. म्हणून चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि मगच वीज सोडतो. तो लाल दिवा बिघाड नाही, राखण आहे. आणि आमचे लोक त्या राखणदाराच्याच डोळ्यांवर पट्टी बांधतात! सॉकेटात तो जोड असताना उद्या वादळात न्यूट्रल तुटला, किंवा कोणी दुरुस्तीत फेज-न्यूट्रल उलटे लावले, तर गाडीच्या अख्ख्या पत्र्यावर 230 व्होल्ट. त्याच गाडीभोवती पोरं खेळतात. हे ज्याला माहीत नाही त्याने पकड हातात धरू नये, आणि माहीत असून जो करतो त्याला काय म्हणायचं ते मी इथे लिहू शकत नाही.

गाडीचं सोडा. त्या रात्री आई म्हणाली, आज कूलर चावला नाही.

दोन उन्हाळे ती सांगत होती, "कूलर चावस रे." आणि आम्ही तिला चप्पल घालून हात लाव म्हणायचो. मी म्हणायचो. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याच्या बातम्या वाचतो आपण, हळहळतो, पान उलटतो. माझी आई दोन वर्षं ओल्या फरशीवर उभी राहून त्या टाकीत पाणी भरत होती. गाडी चार दिवस अडली तर मी घर डोक्यावर घेतलं.

नंतर नवा खड्डा केला, अडीच मीटरचा पाइप, कोळसा, मीठ, वर पाणी ओतायला उघडता येईल असं झाकण. बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवला. गाडीच्या किमतीपुढे हा खर्च काहीच नाही.

मामेभावाला आत्ता परत फोन केला, शांतपणे बोललो. रागावला होता, पण ऐकलं. मेन बंद करून त्याने गाडीचा प्लग काढून ठेवला आहे. सकाळी आप्पांना घेऊन एरंडोलला जातोय, सोबत बल्बची पिशवी आहे. त्याच्या अंगणातही पेव्हर ब्लॉक आहेत, म्हणून पहारही घेतली आहे.