ट्युरिनचा घोडा आणि आटलेली विहीर

बेला तार या हंगेरियन दिग्दर्शकाचा 2011 सालचा ‘द ट्युरिन हॉर्स’ मी लातुरात, ऐन मे महिन्यातल्या दुपारी, आईसोबत घरीच पाहिला, आणि इतकी दुःखी गोष्ट इतकी देखणी का वाटावी, ही रुखरुख अजून गेलेली नाही. कृष्णधवल चित्रपट, अडीच तासांत अवघे 30 शॉट. एक म्हातारा, त्याची मुलगी, गाडी ओढायचे नाकारणारा घोडा आणि दिवसेंदिवस न थांबणारा वारा. उजवा हात लुळा असलेल्या बापाला मुलगी रोज कपडे चढवते, विहिरीवरून पाणी आणते, मग दोघे एकेक उकडलेला बटाटा हातानेच सोलून खातात.

एके दिवशी रोमा भटके विहिरीवर पाणी प्यायला येतात, त्यांना हुसकावून लावले जाते, आणि दुसऱ्या दिवशी विहीर आटलेली असते.

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून आमच्या शहराला रेल्वेने पाणी आले, त्याआधी पाणवठ्यांवर जमावबंदी लागली होती, आणि त्या दिवसांत भेगाळलेल्या रानांची जी सुबक छायाचित्रे छापून येत, ती पाहून मला संताप येई. या चित्रपटाने तो आला नाही, कारण फ्रेड केलेमनचा कॅमेरा टिपून निघून जात नाही. तो मुलीच्या मागे वाऱ्यातून विहिरीपर्यंत जातो, बादली वर येईपर्यंत थांबतो आणि तिच्यासोबत घरी परततो, त्यामुळे देखणेपण दिसते तितकेच तिचे श्रमही मोजावे लागतात. दारू मागायला आलेल्या शेजाऱ्याचे प्रवचन मात्र मला अनावश्यक वाटले. वारा जे केव्हाचे सांगतो आहे, तेच तो शब्दांत घोळवतो.

विहीर आटल्यावर बापलेक सामान हातगाडीवर लादून टेकडीपलीकडे जातात आणि थोड्या वेळाने, काहीही न सांगता, परत येतात. त्याचा अर्थ काय लावावा, असा विचार मी करत असताना आई म्हणाली, “येतील नाहीतर काय करतील? तिकडची विहीर तरी कुठं त्यांची हाय?” बहात्तरचा दुष्काळ तिने खडी फोडत काढला आहे, त्यामुळे तिला त्यात कोडे असे काही दिसलेच नाही.

तिला खटकले ते वेगळेच. चारा-पाणी सोडलेल्या घोड्याच्या तोंडावरचा दोर बाप काढतो, दोघे बाहेर येतात, तबेल्याचे दार लागते आणि कॅमेरा त्या बंद दाराकडे पाहत राहतो. “दावं काढलं,” आई म्हणाली, “मग दार कशाला लावलं?”