दुसरी छाती कुणाची?

मेळघाटात किंवा गडचिरोलीत कमी वजनाचं बाळ दगावलं की आपल्याकडचा वाद ठरलेल्या वाटेने जातो: डॉक्टर नाही, बाळाला ऊब देणारा वॉर्मर बंद, काचेची पेटी (इनक्युबेटर) जिल्ह्याच्या गावाला. मागण्या रास्तच आहेत. पण इथे स्वीडनमध्ये पेट्यांना तोटा नाही, तरी अशी बाळं जमेल तितका वेळ पेटीबाहेर, आईच्या नाहीतर बापाच्या उघड्या छातीवर असतात.

ही श्रीमंतांची चैन नव्हे. कांगारू मदर केअर म्हणतात ती ही पद्धत निघाली १९७८ च्या सुमारास कोलंबियात, बोगोटाच्या प्रसूती रुग्णालयात, आणि तीही पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. पुढे भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर अभ्यास झाला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर छातीशी धरलं, तर २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले.

जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ८ तास सांगते, जमल्यास त्याहून पुष्कळ जास्त. ओल्या बाळंतिणीला हे एकटीने झेपत नाही, आणि आपलं शिकवणं नेमकं इथेच चुकतं. वॉर्डात दहा मिनिटांत आईला सांगून मोकळं व्हायचं, आणि घरी ठरवणार तिची आई नाहीतर सासू.

स्वीडनने ही अडचण रजेने सोडवली. आई-बाप मिळून ४८० दिवस भत्त्याची रजा, त्यातले ९० दिवस प्रत्येकाचे राखीव. वऱ्हाडात ते तसंच्या तसं उचलता येणार नाही. पहिलटकरीण माहेरी असते, बाप दुसऱ्या गावी, त्यात कापसाची वेचणी सुरू असली तर बघायलाच नको. म्हणून आपल्याकडची दुसरी छाती बहुतेक वेळा आजीची. धडा तिला द्या, आणि बाप भेटायला येईल तेव्हा त्याचाही शर्ट उतरवा.

शिकवायचं ते नीट हाताने करून दाखवावं. बाळाला फक्त टोपी, मोजे, लंगोट. आईचा ब्लाउज पुढून उघडा. चेनच्या गाऊनची चेन बाळाच्या कातडीला घासते, ती नको. मंगळसूत्र काढायला सांगू नका, घरात तेवढ्यावरूनच नकार येतो. ते पाठीकडे सरकवा. बाळ दोन स्तनांच्या मध्ये उभं, मान एका कुशीला आणि किंचित वर, पाय बेडकासारखे फाकून दुमडलेले. मग जुन्या सुती लुगड्याचा पट्टा बांधायचा. वरची कड बाळाच्या कानाखाली, छातीवर घट्ट, पोटावर सैल. पोट आवळलं तर श्वासाला जागा राहत नाही.

सगळ्यात मोठी चूक बाजेवर होते. सैल विणीच्या बाजेत आईची पाठ खचते, बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट बंद होते. पाठीमागे दोन-तीन गोधड्यांची घडी लावून आईला अर्धवट टेकून बसवावं. बाळाचं तोंड सतत दिसलं पाहिजे. एका वेळी तासाभराहून कमी नको, सारखी उचल-ठेव केली की बाळ दमतं.

शेगडी आणि धुरीवर आजी अडून बसेल. तिच्याशी भांडू नये. ऊब हवी हे तिचं म्हणणं बरोबरच आहे, फक्त ती कातडीतून द्यायची. धुराने इवल्या फुप्फुसांना त्रास होतो. तेल-अंघोळही बाळ २ किलोचं होईपर्यंत थांबवावी. मे महिन्यात पत्र्याखाली उलट काळजी घ्यायची: टोपी-मोजे काढा, कापड पातळ ठेवा, कूलरचा झोत थेट बाळावर नको. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश असावं. थर्मामीटर नसला तर तळपाय पोटाइतकेच कोमट लागायला हवेत.

दूध दर दोन तासांनी द्यावं. ओढायची ताकद नसेल तर पिळून वाटी-चमच्याने किंवा बोंडलीने पाजावं. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं, त्याने घाबरून वरचं दूध सुरू करू नये. पण बाळ निळं पडलं, छाती आत ओढू लागली, दूध घेईना किंवा मिनिटाला ६० हून जास्त श्वास घेऊ लागलं, तर छातीशी बांधलेलं ठेवूनच दवाखाना गाठावा.

आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. तिसऱ्या दिवशीच आजीला समोर बसवून पट्टा तिच्याच हाताने बांधून घ्यावा.