कागदोपत्री बिझनेस क्लास

आधीच कबूल करते, ही तक्रार पोट भरलेल्या माणसाची आहे. ‘बिझनेस क्लासमध्ये मला झोपायला मिळालं नाही’ हे वाक्य मोठ्यांदा म्हणताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतं. म्हणून तीन आठवडे गप्प होते. पण परवा विमान कंपनीचं उत्तर आलं आणि ते वाचून नवरा इतका हसला, इतका हसला, की म्हटलं आता लिहितेच. ज्यांना ‘हिला काय जातंय’ म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं, पण शेवटपर्यंत वाचून म्हणावं.

प्रवास चौदा तासांचा, रात्रीचा. माझ्या कमरेतली एक चकती सरकलेली आहे. सलग दोन तास बसले की डाव्या पायात मुंग्या येतात आणि चौथ्या तासाला तो पाय माझा आहे की शेजारच्याचा हे कळेनासं होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जायचं तर आडवं पडून जा. सहा वर्षं साठवलेले पॉइंट्स जेमतेम एका बिझनेस तिकिटापुरते निघाले. नवरा म्हणाला, ‘तू जा पुढे, मी बसतो मागे. मला काय, मी उभ्यानेही झोपतो.’ ते खरंच आहे.

मग मी अभ्यासाला लागले. तीन संध्याकाळी नुसते सीट मॅप बघितले. एक-दोन-एक अशी रचना, म्हणजे कुठल्याही सीटवरून उठलं तरी थेट वाटेवर. सीट पूर्ण सपाट. खिडकीची एकटी जागा. बुक केली, दोनदा तपासली, आदल्या रात्री पुन्हा तपासली.

गेटवर माझा पास मशीनला लावला तर ते केकाटलं. तिथल्या मुलीने जुना पास ठेवून घेतला, नवा छापून दिला. सीटचा नंबर वेगळा. ‘विमान बदललंय मॅडम. क्लास तोच आहे.’

क्लास तोच आहे. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आत शिरले तर दोन-दोन-दोन अशी जुनी रचना आणि मला खिडकी. म्हणजे शेजारचा माणूस एकदा पाय पसरून झोपला की बाहेर पडायचं तर त्याच्या गुडघ्यांवरून, अंधारात, पाय उंच टाकून. चकती सरकलेल्या बाईने. वर सीट पूर्ण सपाट होणारी नाहीच, उतरती. अशी सीट सरळ रेषेत येते, पण जमिनीला समांतर नाही, त्यामुळे माणूस रात्रभर हळूहळू पायांकडे घसरत राहतो. घसरगुंडीवर ब्लँकेट घेऊन झोपल्यासारखं. पण हेही मी चालवून घेतलं असतं. घसरत का होईना, आडवी तर पडले असते.

जेवणं आटोपली, दिवे मंद झाले, आणि मी बटण दाबलं. सीट घरघरली, पाठ अर्धी मागे गेली आणि थांबली. पायांखालची पट्टी हललीसुद्धा नाही. पुन्हा दाबलं. घरघर. पुन्हा. आता घरघरही नाही.

केबिन क्रूमधली एक मुलगी आली. तिने आधी सीटची वीज बंद करून चालू केली, आपण घरी राउटरचं करतो तसं. दोनदा. मग गुडघ्यांवर बसली, तोंडात टॉर्च धरला आणि सीटच्या खाली हात घालून हाताने चालवायचा खटका शोधायला लागली. तिच्या केसांची पिन सैल होऊन माझ्या चपलेवर पडली, ती मी उचलून तिला दिली. खटका सापडला. त्याने सीट पुन्हा सरळ उभी करता आली, अर्ध्याच्या मागे मात्र जाईना. घामाघूम झालेली ती पोरगी मला ‘सॉरी’ म्हणाली तेव्हा माझ्या रागाचं काय करावं ते मला कळेना. रागवायचं कुणावर? हिच्यावर तर नाहीच.

मग पर्सर, म्हणजे केबिन क्रूचे प्रमुख, आले. पोक्त गृहस्थ, आवाज खालचा. त्यांनी नोंदवहीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जे सांगायचं बंधन त्यांच्यावर नव्हतं ते सांगितलं: हा बिघाड आधीच नोंदवलेला होता. म्हणजे ही सीट झोपत नाही हे कंपनीला माहीत होतं. विमानाच्या सुरक्षेच्या हिशेबात तो दोष नव्हताच. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी सीट सरळ उभी राहून घट्ट अडकते ना? मग ती सुरक्षित. दुरुस्ती सवडीने करता येते. याबद्दल माझं भांडण नाही, सीट मागे जात नाही म्हणून विमान जमिनीवर ठेवा असं कोण म्हणेल? माझं म्हणणं एवढंच की माहीत होतं तर मला गेटवर सांगा. मी दुसऱ्या दिवशी गेले असते. ‘क्लास तोच आहे’ म्हणताना त्या मुलीलाही बहुधा माहीत नसावं. ज्यांना माहीत असतं ते कधीच गेटवर नसतात.

बिझनेसमधल्या बाकीच्या सगळ्या सीटा भरलेल्या. मी पंचेचाळीस अंशात बसून राहिले.

अशा वेळी डोकं फार चालतं. मला वाटायला लागलं, बिझनेस क्लास म्हणजे नक्की काय विकतात? सुरुवातीला तर काहीच विकत नव्हते. १९७० च्या दशकात स्वस्त तिकिटं आली आणि पूर्ण भाडं भरणारे कामाचे प्रवासी कुरकुरायला लागले, की आम्ही एवढे पैसे मोजतो आणि बसतो मात्र सवलतवाल्यांच्या मांडीला मांडी लावून. त्यांना वेगळं बसवायचं म्हणून हा मधला वर्ग निघाला. १९७८ मध्ये पॅन अ‍ॅम या अमेरिकी विमान कंपनीने त्याला क्लिपर क्लास म्हटलं, १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वांटासने बिझनेस क्लास हे नाव लावलं. पलंग आला तो बराच नंतर. ब्रिटिश एअरवेजने २००० मध्ये बिझनेसमध्ये पूर्ण सपाट होणारी सीट आणली आणि तेव्हापासून खरा माल तो झाला. २०१७ मध्ये कतार एअरवेजने तर त्याला सरकतं दार लावलं. गरम टॉवेल, क्रीमची बाटली असलेला पाऊच, काचेच्या ग्लासातलं सरबत ही सगळी आरास. ती नसती तरी माझं काही अडलं नसतं. माणूस रात्रीच्या लांबच्या विमानात बिझनेसचं तिकीट काढतो ते आडवं पडण्यासाठी. पलंगाच्या दुकानातून पलंग सोडून बाकी सगळं घरी आलं तर आपण काय म्हणू?

जेवणाबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. ते बेचव होतं, पण त्यात स्वयंपाक्याचा दोष अर्धाच. केबिनमधला हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवलेला असतो, हवा कोरडी ठक्क, इंजिनाचा आवाज सतत कानात. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने लुफ्तान्झासाठी हे प्रयोग करून पाहिलेत, मीठ आणि साखर दोन्ही जिभेला कमी लागतात. टोमॅटोचा रस मात्र वर गेल्यावर जास्त चांगला लागतो. मी दोन ग्लास प्यायले. खरंच चांगला लागला. असो.

विमान का बदलतात हेही मला कळतं बरं का. नव्या विमानांची आणि सीटांची टंचाई आहे. बोइंगचं ७७७एक्स २०२० मध्ये यायचं होतं, २०२५ सरलं तरी आलं नाही. सीट म्हणजेही नुसती खुर्ची नव्हे, पुढच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट धक्का देऊन तिची चाचणी होते आणि मगच ती विमानात बसते. म्हणून जुनी विमानं जुन्या सीटांसकट ओढत न्यावी लागतात. हे सगळं मान्य. पण जाहिरातीतलं चित्र नव्या सीटचंच असतं ना? तिथे कुठे टंचाई दिसत नाही.

रात्री केव्हातरी, घड्याळ कुठल्या देशाचं मानायचं हेच कळेना अशा वेळी, पाय पूर्ण बधिर झाला. शेजारच्या गृहस्थांच्या गुडघ्यांवरून एकदाची पलीकडे आले (ते जागे झाले, काही बोलले नाहीत, पण श्वास मात्र मोठा सोडला) आणि चालता यावं म्हणून पडदा ओलांडून मागे गेले. इकॉनॉमी निम्मी रिकामी. आणि माझा नवरा? मधल्या रांगेतल्या तीन सीटांचे हात वर करून, तीन उशा डोक्याखाली घेऊन, अंगावर दोन ब्लँकेटं ओढून, सपाट झोपलेला. जमिनीला समांतर. तोंड किंचित उघडं.

मी पाच मिनिटं नुसती उभी राहून बघत होते. असूया म्हणतात ती हीच.

उठवला. बिचारा एका शब्दाने न कुरकुरता उठला. पर्सरना विचारलं, एरवी असं करू देत नाहीत, पण त्यांनी मान डोलावली. तो पुढे जाऊन माझ्या मोडक्या सिंहासनावर बसल्या बसल्या झोपला, मी त्याच्या ऊबदार तीन सीटांवर आडवी झाले. साडेचार तास झोपले. अख्ख्या प्रवासातली तेवढीच झोप. सकाळी तो पुढे चिनी मातीच्या ताटलीतला नाश्ता करून आला आणि म्हणाला, ‘आमलेट बरं होतं हं.’

घरी आल्यावर तक्रार लिहिली. सीटचा व्हिडिओ काढला होता, तो जोडला. पर्सरनी वहीत नोंद केली होती, तिचा उल्लेख केला. नियमही शोधले. युरोपीय संघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम आहे. त्याच्या कक्षेतल्या प्रवासात कंपनीने तुम्हाला खालच्या वर्गात बसवलं, तर अंतर बघून भाड्याच्या ३०, ५० किंवा ७५ टक्के परत द्यावे लागतात. माझा प्रवास त्या कक्षेत नव्हता, पण असता तरी उपयोग शून्य. कारण वर्ग ठरतो तो केबिनवरून. सीट मोडकी असो, उतरती असो, नुसतं स्टूल असो, पडद्याच्या पुढे असलात तर तुम्ही बिझनेसमध्येच. मला सगळ्यात खटकतं ते हे. पैसे घेताना पलंग दाखवायचा आणि हिशेब करताना पडदा मोजायचा.

आता ते उत्तर. आमच्या नोंदीनुसार आपण आरक्षित वर्गातूनच प्रवास केला आहे. सीट बदलल्याबद्दल दिलगीर आहोत, विमान बदलण्याचा हक्क आम्ही अटींमध्ये राखून ठेवलेला आहे. आणि मग ते वाक्य, ज्याला नवरा हसला: प्रवासादरम्यान आपण स्वेच्छेने इकॉनॉमी केबिनमध्ये स्थलांतर केल्याचे दिसते, त्यामुळे वर्गातील बदलाची भरपाई लागू होत नाही.

स्वेच्छेने!

सदिच्छा म्हणून थोडे पॉइंट्स खात्यात टाकलेत. या वेगाने पुढचं बिझनेस तिकीट मिळेपर्यंत बहुधा माझ्या सगळ्याच चकत्या जागेवरून हललेल्या असतील. मी परत लिहिलंय. पैसे नकोत, फक्त एका प्रश्नाचं उत्तर द्या: सीट बिघडलेली आहे हे वहीत होतं, मग ती मला दिली कशी? त्यावर अजून काही आलेलं नाही. दरम्यान त्यांचा अभिप्रायाचा फॉर्म मात्र आला. ‘आपला पलंग किती आरामदायी होता? १ ते ५.’ कुठला पलंग हे विचारलेलं नव्हतं, म्हणून मी चार दिले. एक गुण कापला तो मधल्या सीटच्या पट्ट्याच्या बकलासाठी. साडेचार तास बरगडीत टोचत होतं.