जखमी रानजनावर सापडलं तर खर्च टाळायचे खात्रीचे उपाय

सकाळी गोव्यातल्या आपल्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पाणी लावायला गेलात आणि पोफळीच्या बुंध्याशी एक पंख लोंबकळणारं घुबड बसलेलं दिसलं, तर पहिला उपाय म्हणजे ते न दिसणं. मान वळवा, पंप चालू करा, चहाला जा. दिसलं की प्रश्न सुरू होतात आणि शेवटचा प्रश्न पैशांचा असतो.

हे जमलं नाही तर थोडा कायदा समजून घ्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 39 प्रमाणे रानजनावर मेलेलं सापडलं, किंवा कोणी बेकायदा पकडलं, तर ती सरकारची मालमत्ता. जखमी होऊन वहाळात पडलेल्या जिवंत जनावराचा तिथे उल्लेख नाही. आता तुम्ही दया येऊन त्याला उचललंत. शिकारीच्या व्याख्येत पकडणंही येतं, म्हणजे कागदावर तुम्ही शिकारी आणि जनावर सरकारी. 48 तासांच्या आत पोलिसांना किंवा वनखात्याला कळवायचं. एक्स-रेचे पैसे कोणी भरायचे ते मात्र या कलमात शोधू नका.

मेल्यावर सरकार हात आखडता घेत नाही, हे मान्य करायलाच हवं. बिबट्या मेला की पंचनामा, शवविच्छेदन, व्हिसेरा म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने प्रयोगशाळेला, दहनाला लाकडं, साक्षीला अधिकारी. आणि तुमच्या खिशातून एक रुपया जात नाही. काटकसरी माणसाने म्हणून थोडा धीर धरावा.

गव्याचं तर विचारूच नका. गोव्याचा राज्यप्राणी असल्यामुळे त्याला मान आहे, सोय नाही. त्याने तुम्हाला शिंग मारलं तर भरपाईचा अर्ज असतो, तुमचा बंपर चेपला तर विमा असतो. त्याचा पाय मोडला तर फॉर्म कुठला? तसंही टनाच्या आसपास वजनाच्या नराला प्लास्टरमध्ये उभं करून दाखवणारा डॉक्टर मिळेपर्यंत प्रश्न आपोआप मिटलेला असतो.

बिबट्या फाशात अडकला तर मात्र गावाने जरूर जमावं. फासा बहुधा रानडुकरासाठी लावलेला असतो, जुन्या दुचाकीची क्लच वायर, कुंपणाच्या खुंट्याला बांधलेली. तार कोणी लावली हे कोणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे तिचा खर्च वसूल करण्याचा विषयच निघत नाही. बिबट्या त्याच कायद्याच्या अनुसूची 1 मधला, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणातला, तेव्हा भूल देऊन पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकाची लेखी परवानगी लागते. भुलेचं औषध बहुतेक वेळा केटामाइन आणि झायलाझिन यांचं मिश्रण. केटामाइन 2013 पासून शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत आहे, वेगळी नोंदवही आणि दोन प्रतींतली चिठ्ठी मागतं, त्यामुळे ते गावच्या गुरांच्या डॉक्टरच्या बॅगेत सापडेल अशी आशा धरू नका. परवानगी, औषध आणि बंदूक एका जागी येईपर्यंत लोकांनी शिट्ट्या मारून जनावराला जागं ठेवावं. तेवढ्या वेळात ते जितकं ओढेल तितकी तार आत रुतते.

पुढचा भाग व्हिडिओसाठी उत्तम. तार कापली, बिबट्या उठला, धूम पळाला, टाळ्या! कंबरेभोवती काही तास आवळलेल्या तारेखाली रक्त पोचलेलं नसतं. तार सुटल्यावर मेलेल्या पेशींतलं विष अंगभर फिरतं, आतडं चेपलं असेल तर ते दोन-चार दिवसांनी सडतं. म्हणून जाणकार त्याला पिंजऱ्यात ठेवतात, सलाईन देतात, सूज पाहतात, खातो का, शी करतो का बघतात. पण एवढ्या दिवसांचं मांस, औषध आणि माणसाची रात्रपाळी कोणाच्या हिशोबात घालायची? पळू द्या. जंगलात मेला तर सापडणार नाही, आणि सापडला तर सरकारी आहेच.

भेकर किंवा सांबर कुत्र्यांनी धरलेलं असेल तर त्याहून स्वस्त. नुसतं भोवती उभं राहून बोललात तरी पुरे. घाबरून धडपडताना त्याचे स्नायू फुटतात, त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात तुंबतं, आणि अंगावर मोठी जखम नसतानाही ते त्या दिवशी किंवा पुढच्या दिवसांत मरतं. डोळ्यांवर फडकं टाकून सगळ्यांना घालवून देणं हा बिनपैशाचा उपाय आहे, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

सत्तरी तालुक्यात मेलेलं किंवा लुळं पडलेलं माकड दिसलं तर मात्र खरोखरच हात लावू नका, इथे थट्टा नाही. 2015 पासून तिथे माकडताप आढळलेला आहे आणि त्या माकडावरच्या गोचिड्या नवा मालक शोधत असतात. आरोग्य केंद्राला कळवा. जिवंत माकड चावलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन तिथेच जा. रेबीजची लस कातडीत घेतली तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, सरकारी केंद्रात फुकट. चावणाऱ्या माकडाचा हात विजेच्या तारेने भाजलेला असेल, तर त्याला मात्र स्वतःची व्यवस्था करावी लागते.

आता ते घुबड. एवढं वाचूनही उचलायचंच असेल तर किमान लवकर मारायची रीत शिकून घ्या. चोच उघडून ड्रॉपरने पाणी घाला. श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं, सरळ आत जातं. मोडून उघड्या पडलेल्या हाडावर डेटॉल ओता. पक्ष्याच्या दंडाचं हाड पोकळ असून श्वासाच्या हवेच्या पिशव्यांना जोडलेलं असतं. दूध पाजा, हळद दाबा, मुलांना दाखवा. याउलट पुठ्ठ्याचं खोकं, चार भोकं, तळाला जुना टॉवेल, काळोख आणि वनखात्याला फोन केलात, तर ते जगण्याचा धोका आहे. मग हाडात पिन घाला, आठाच्या आकड्याचा पट्टा बांधा, तो काही दिवसांत सोडा नाही तर सांधा आखडतो, हाड सांधायला तीनेक आठवडे, आणि रोज उंदीर. मांजराने नुसता दात लावला असेल तरी अँटिबायोटिक.

कंपनीच्या सीएसआरमध्ये, म्हणजे समाजकार्याच्या खर्चात, प्राणीकल्याण बसतं, असं कोणी सुचवेल. बसतं, पण प्रायोजकाला वाघ हवा असतो, निदान मोर; उदमांजराच्या पिल्लांना फलक लावता येत नाही.

शेवटी खाजगी दवाखान्यात जालच. तिथल्या पावतीवर ‘मालकाचं नाव’ असा रकाना असतो. स्वतःचं लिहिलंत तर ताबा कबूल केला. गोवा सरकार असं लिहिलंत, तर काउंटरवरची मुलगी न हसता विचारते, ‘जीपे कुठल्या नंबरवरून करताय?’