फोन कमी घ्या, सर ठेवा

आमच्या नाशिकच्या शाळूसोबत्यांच्या ग्रुपवर दोन आठवडे एकच वाद चाललाय. यंदाच्या वर्गणीतून अंध मुलांना दहा स्मार्टफोन द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. मी लंडनहून मध्येच तोंड घातलं: चारच घ्या, उरलेल्या पैशांत शिकवणाऱ्याला मानधन द्या. लगेच एकीचा व्हॉइस मेसेज आला, "तुला तिकडे सगळं आयतं मिळतं गं, इथे आधी फोन तर हातात येऊ दे."

आयतं काय मिळालं ते सांगते. पण आधी नाशिकचं.

रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्याच्या पडद्याच्या आजाराने माझी नजर आधी रात्रीची गेली, मग नळीतून बघावं तशी आक्रसली, आणि शेवटी तेवढीही राहिली नाही. २०१६ साली भावाने हौसेने टचस्क्रीनचा फोन आणला. जुन्या फोनवर पाचच्या बटणावरचा उंचवटा सापडला की बाकीचे आकडे आपोआप सापडायचे. हा नुसता गुळगुळीत. भावाने टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी सोय, चालू करून दिला आणि तोच गांगरला, कारण टॉकबॅक चालू असला की एकदा बोट टेकवून काही उघडत नाही, फोन फक्त नाव सांगतो. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला माझ्या हातून त्याच्या साहेबांना फोन लागला. कट कसा करायचा ते मला ठाऊक नाही, त्यालाही सुचेना. त्यानंतर तीन महिने फोन कपाटात, साड्यांखाली.

मग पंचवटीतले सर भेटले. स्वतः जन्मांध. पहिले दोन दिवस त्यांनी फोन काढूच दिला नाही, हातात शाळेची पाटी दिली. स्वाइप म्हणजे ढकलणं नव्हे, ताटावरची माशी उडवतो तसा झटका. बोट रेंगाळलं की फोनला वाटतं, ही स्क्रीन चाचपतेय. उजवीकडे झटका दिला की पुढची गोष्ट, डावीकडे दिला की मागची. आणि हवं ते नाव ऐकू आलं की डबल टॅप, पण त्या चिन्हावरच नव्हे, स्क्रीनवर कुठेही. हे 'कुठेही' पचायला मला आठवडा लागला. डोळस माणसाला नेम धरावा लागतो, आपल्याला धरावा लागत नाही, हे आधी मनाला पटावं लागतं, बोटांचं नंतर.

सगळ्यात छळलं ते कोनांनी. खाली जाऊन डावीकडे म्हणजे मागे, वर जाऊन डावीकडे म्हणजे होम. मध्ये बोट उचलायचं नाही आणि कोपरा गोल करायचा नाही. माझा कोपरा कायम गोल. सर माझं मनगट धरून पाटीच्या लाकडी चौकटीच्या आतल्या कडेने बोट फिरवायचे, शंभर वेळा. हे काम फोनच्या खोक्यात येत नाही.

आता लंडन. इथली बस पुढच्या थांब्याचं नाव बोलते, कुठे अडवणूक झाली तर २०१० च्या समानता कायद्याकडे बोट दाखवता येतं. हे थोडंथोडकं नाही. नाशिकला आले की सिंहस्थासाठी खणलेल्या रस्त्यांवर माझी काठी रडकुंडीला येते. पण आयफोन घेतला तेव्हा शिकवायला कोणी हवं होतं, तर नाव प्रतीक्षायादीत. तोवर एक गोड आवाजाची हेल्पलाइन. व्हॉइसओव्हर म्हणजे आयफोनचा टॉकबॅक. त्यातला रोटर, म्हणजे दोन बोटं स्क्रीनवर गोल फिरवून शब्दाशब्दाने वाचायचं की मथळ्यामथळ्याने ते निवडायचं, हे त्या बाईंनी चार वेळा समजावलं. मला जमेना. शेवटी पंचवटीला फोन लावला. सर म्हणाले, "अगं, लोणच्याच्या बरणीचं झाकण कसं उघडतेस?" झालं.

आणि इथली कॅफेतली कार्डाची मशीन आता बटणं नसलेली, नुसती काच. पिन टाकायची वेळ आली की तो वेटरच्या कानात सांगायचा. नाशिकला रविवार कारंजावर भाजीवाल्याच्या ठेल्यावरचा डबा मोठ्याने मराठीत सांगतो, चाळीस रुपये मिळाले. तो डबा आंधळ्यांसाठी कुणी केलेला नाही, पण माझ्याइतका त्याचा आनंद कोणाला होत नसेल. (क्यूआरवर कॅमेरा धरायचा मात्र वैताग येतो, मी सरळ नंबर मागते.)

भारतात काहीच होत नाही, हेही मला मान्य नाही. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटून दाखवा, ही अट अंधांना आणि ॲसिड हल्ल्यात भाजलेल्यांना कशी बाहेर ठेवते, यावरून ते प्रकरण होतं. निकालामुळे ॲप सुधारतील, पण बोट कसं फिरवायचं ते निकाल शिकवणार नाही.

ग्रुपवरच्या एका मित्राचा मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. तो म्हणाला, फोनच नसेल तर सर शिकवणार कशावर? बरोबर. उलट मी म्हणेन, घ्यायचा तर जरा बरा घ्या. अगदी स्वस्तातला फोन टॉकबॅकच्या ओझ्याने अडखळतो, दुसरी टिचकी त्याला कळेपर्यंत मूल तिसरी मारून बसतं आणि आपलंच चुकलं असं समजतं. म्हणून तर दहा नकोत. दहा फोनांचा मंचावर फोटो छान येतो, पाटीवर कोपरा गिरवणाऱ्या सरांचा येत नाही, हे मला कळतं. पण वाटपाच्या संध्याकाळी ते फोन घरी जातील, घरातलं कोणीतरी वैतागून आवाजाची दोन्ही बटणं दाबून धरेल, टॉकबॅक बंद होईल, आणि फोन भाच्याच्या गेमसाठी जाईल. आमच्या घरी तर साड्यांखाली गेला होता.

काल माझ्या वाट्याचे पैसे पाठवले, सोबत लिहिलं, 'हे सरांच्या मानधनासाठीच.' उत्तर शब्दांत कोणी दिलेलं नाही. फोनने आतापर्यंत तीन अंगठे आणि एक जोडलेले हात वाचून दाखवलेत.